नावं ठेवायला कॉलेज कशाला?

प्रश्न: ताई, मी पंचवीस वर्षांची आहे. सांगलीतच उपयोजित कलेची पदवी घेतली आणि गेली तीन वर्षं एका फ्लेक्स-प्रिंटिंगच्या दुकानात डिझाइनचं काम करते. काम जमतं, पण जीव रमत नाही. डिझाइन करण्यापेक्षा डिझाइनबद्दल वाचायला आणि लिहायला मला जास्त आवडतं. न्यूयॉर्कला डिझाइनची समीक्षा, संशोधन आणि लेखन शिकवणारा एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे असं कळल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. राहण्याखाण्यासकट खर्च साठ लाखांच्या घरात जातोय. बाबा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. ते म्हणतात, "नावं ठेवायला कॉलेज कशाला? ते तर तू घरबसल्या करतेस." काका तासगावची द्राक्षबाग तारण ठेवायला तयार आहेत. मी जाऊ का? आणि नाहीच गेले, तर सांगलीत राहून, मराठीत, हे करता येईल का? सोबत फ्लेक्सवर लिहिलेला माझा एक लेख जोडते आहे. खरं खरं सांगा.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर:

खरं सांगायला तूच सांगितलंस, म्हणून आधी निकाल आणि मग कारणं. यंदा जाऊ नकोस. काकांची बाग आजही तारण ठेवू देऊ नकोस आणि पुढेही नाही. अभ्यासक्रम मात्र मनातून काढायचं कारण नाही. विषय खरा आहे, आणि तुझ्या लेखात मधेच एक परिच्छेद असा आहे की तो वाचताना मी चहा बाजूला ठेवला. त्याकडे येते. आधी बाबा.

त्यांचा प्रश्न थट्टेवारी नेऊ नकोस. डिझाइनच्या समीक्षेबद्दल बहुतेकांची हीच समजूत असते: कुणीतरी राबून काहीतरी बनवायचं आणि दुसऱ्याने लांबून बोट दाखवत 'रंग फार भडक झालाय' म्हणायचं. एवढंच असेल तर त्याला कॉलेज नको, हे बाबांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यांच्याच यार्डातला सौदा त्यांना आठवून दे. जुना व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडतो, आतला रंग बघतो, नीट शिजलंय का, वाळलंय का ते बघतो आणि मगच भाव बोलतो. तो मालाला नावं ठेवत नसतो. माल असा का झाला, हे त्याला त्या मोडलेल्या तुकड्यात दिसत असतं. चांगला समीक्षक वस्तूच्या बाबतीत हेच करतो, फक्त भाव बोलण्याऐवजी तो लिहून ठेवतो.

याचा एक नमुना आपल्या घरातल्याच वस्तूवर लिहिलेला आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारसाठी एक अहवाल लिहिला. पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली ती त्याच अहवालाच्या आधाराने. त्यात साध्या लोट्याचा विषय निघतो. लोटा सुंदर आहे असं ते म्हणतातच, पण गंमत पुढच्या प्रश्नांमध्ये आहे. त्यात किती द्रव मावावा? धरणारा हात केवढा, पुरुषाचा की बाईचा? डोक्यावर, कडेवर, हातात घेतल्यावर तोल कसा राहतो? ओतायला सोयीचं आणि घासायलाही सोयीचं तोंड केवढं असावं? करायला खर्च किती, आणि मोडीत घातला तर काय मिळेल? उन्हात तो कसा दिसतो? जवळ बाळगताना, विकताना, कुणाला देताना काय वाटतं? जेमतेम पानभर मजकूर, पण तो वाचल्यावर घरातला तांब्या उचलताना हात क्षणभर थांबतो. मी तरी तो अहवाल विकतच्या सगळ्या अभ्यासक्रमांच्या आधी वाचायला सांगेन. इंटरनेटवर फुकट मिळतो.

आता तुझा लेख. सुरुवातीचं वाक्य आहे, "सांगलीचे चौक म्हणजे दृश्य-प्रदूषणाचे उकिरडे झाले आहेत." हे वाक्य लातूरचा माणूस लातूरबद्दल लिहू शकतो, नाशिकचा नाशिकबद्दल. शिवाय ते लिहायला फ्लेक्सच्या दुकानात तीन वर्षं काढावी लागत नाहीत, बसच्या खिडकीतून बघितलं तरी पुरतं. पुढेही जागोजाग 'अभिरुचीहीन', 'बटबटीत', 'संस्काराचा अभाव'. हे सगळे शेरे आहेत. बाबा म्हणतात तेच, नावं ठेवणं.

आणि मग तिसऱ्या पानावर, बहुधा नकळत, तू लिहितेस: "वाढदिवसाचा फ्लेक्स आला की आम्ही आधी मॅटर विचारत नाही, फोटो किती ते विचारतो." इथून पुढच्या वीसेक ओळी सोन्यासारख्या आहेत. सगळ्यात वर राज्य पातळीवरचे चेहरे, ते कापायचे नाहीत आणि त्यांच्यावर अक्षर चढवायचं नाही. मधे उत्सवमूर्ती, गॉगल लावून. खाली शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचं डोकं एकाच मापाचं, कारण एखाद्याचं सुतभर मोठं झालं तर रात्री मालकाला फोन येतो. 'अमक्याचा फोटो तमक्याच्या शेजारी नको.' मशीनवर फाइल टाकायच्या पाच मिनिटं आधी आणखी एकाने वर्गणी दिली, म्हणून अख्खी रांग पुन्हा सरकवायची. आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात.

अगं, हा हात! हे सांगलीत फक्त त्या दुकानात कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडून बसलेल्या माणसालाच माहीत असतं. रस्त्यावरच्या माणसाला बटबटीत फलक दिसतो. तुला वॉर्डातलं राजकारण मिलिमीटरमध्ये मोजलेलं दिसतं. आणि तू ते तिसऱ्या पानावर टाकून देऊन पुन्हा अभिरुचीकडे वळलीस.

लेख पुन्हा लिहायला घे आणि त्या परिच्छेदापासून सुरुवात कर. मग एकेक प्रश्न आपोआप येत जाईल. फ्लेक्सचा दर स्क्वेअर फुटावर असतो, मग पैसे कोण भरतं? एकटा की फोटोतले सगळे मिळून? फोटोंची गर्दी हा वाईट आवडीचा परिणाम आहे की वर्गणीचा? लाल अक्षराला पांढरी कड आणि तिच्यामागे काळी सावली का लागते? दुचाकीवरून जाणाऱ्याला दोन सेकंदांत नाव वाचता यावं म्हणून, की श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरमधला तो एक टाइप आणि त्याच्यावर तो एक इफेक्ट आधीच तयार असतो म्हणून? सकाळी ऑर्डर, संध्याकाळी चौकात, या घाईत डिझाइन करायला प्रत्यक्षात किती मिनिटं मिळतात? आणि उतरवल्यावर तो जातो कुठे? सोलापूर-बीडकडून आलेल्या ऊसतोडवाल्यांच्या खोपीवर जातो, पाऊस अडवायला. तिथे तोच नेता उलटा होऊन आभाळाकडे बघत असतो. छापणाऱ्याने कल्पनाही केली नव्हती असा वस्तूचा दुसरा जन्म, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त उपयोगाचा.

हे सगळं लिहून झाल्यावरही फ्लेक्स वाईट आहे असं तुझं मत राहिलं, तर बिनधास्त लिही. वळणावरचा दिशाफलक त्याने झाकला असेल तर तेही लिही, नाव घेऊन लिही, परवानगी कुणी दिली ते विचार. समीक्षकाने सगळ्यांना समजून घेत बसावं असं माझं म्हणणं नाही. समजून घेऊन मग झोडपलं की तो मार बसतो.

न्यूयॉर्कबद्दल. तू म्हणतेस तो अभ्यासक्रम तिथल्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्सचा. २००८ मध्ये तो सुरू झाला, ॲलिस ट्वेमलो आणि स्टीव्हन हेलर यांनी तो उभा केला, आणि तेव्हा तो दोन वर्षांचा होता. नंतर तो एक वर्षावर आला आणि नावात संशोधन शिरलं. लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ आर्ट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांनी मिळून १९८२ पासून डिझाइनचा इतिहास शिकवायला घेतला, तो या सगळ्यांचा थोरला भाऊ. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या डिझाइन अकादमीत क्युरेशन, म्हणजे प्रदर्शनं रचणं, आणि लेखन असा अभ्यासक्रम होता, त्याचंही पुढे नाव आणि रूप बदललं. मुद्दा असा की हा विषय लहान आहे, विद्यार्थी मोजके, आणि असे अभ्यासक्रम सुरू होतात, आक्रसतात, नाव बदलतात, कधी बंदही पडतात. तू ज्या लेखांवरून स्वप्न बघते आहेस ते किती जुने आहेत ते तपास. अर्ज करायच्या आधी थेट प्रवेश कार्यालयाला मेल टाकून विचार: या वर्षी तुकडी आहे का, शिकवतंय कोण, आणि मागच्या दोन तुकड्यांतली मुलं आज काय करतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समज.

तिथे जाऊन मिळतं काय? माझ्या मते तीनच गोष्टी पैसे देण्यासारख्या आहेत. तुझा मजकूर ओळीओळीने खोडणारे संपादक, हात घालून उलटता येतील अशी संग्रहालयं आणि जुन्या कागदांची दप्तरं, आणि याच विषयाने झपाटलेली आठ-दहा माणसं. यातली तिसरी गोष्ट सांगलीत जमवणं खरंच अवघड आहे, हे मी नाकारत नाही. दृष्टी मात्र तिथे कुणी देत नाही. अमेरिकेत समीक्षेचं पुलित्झर पारितोषिक १९७० मध्ये पहिल्यांदा दिलं गेलं आणि ते ॲडा लुईस हक्स्टेबल या बाईंना मिळालं, न्यूयॉर्क टाइम्समधल्या इमारतींवरच्या लेखनासाठी. समीक्षेची पदवी घेऊन त्या तिथे पोचल्या नव्हत्या. आपलं शहर रोज पायी तुडवून आणि रोज लिहून पोचल्या.

पैशाचं स्पष्ट बोलू. साठ लाख कर्ज, व्याज दहा टक्के, फेड पंधरा वर्षांत धरली तर महिन्याचा हप्ता चौसष्ट हजारांच्या पुढे जातो. शिकत असतानाचं व्याज वेगळं. मराठीत एका लेखाला किती मानधन मिळतं ते मी इथे छापत नाही, काकांना हसू आवरणार नाही. अमेरिकेत शिकून झाल्यावर कला-विषयाच्या विद्यार्थ्याला कामाची परवानगी साधारण बारा महिने मिळते, इंजिनिअरिंगवाल्यांसारखी वाढवून मिळत नाही. त्या बारा महिन्यांत डिझाइन-समीक्षकाची नोकरी मिळेल असं धरून द्राक्षबाग बँकेत टाकायची? द्राक्षाचं कर्ज अवकाळीने बुडतं तेव्हा निदान सरकारकडे बोट तरी दाखवता येतं.

म्हणून नियम असा ठेव: शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाहीतर नाही. ब्रिटनसाठी चेव्हनिंग आहे, ती अभ्यासाचा आणि राहण्याचा खर्च उचलते, पण कामाचा दोन वर्षांचा अनुभव मागते. तो तुझ्याकडे आहे. फ्लेक्सचं दुकान म्हणून लाजू नकोस, अनुभव तो अनुभव. इनलॅक्स शिवदासानी आहे, तिच्यात कोणते विषय चालत नाहीत त्याची यादी असते, ती आधी बघ. जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, पण ती कर्जरूपाने मिळते हे विसरू नकोस. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत: अनुसूचित जातीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची, इतरही आहेत. तू कशात बसतेस ते तुला ठाऊक. या सगळ्यांची एक अडचण अशी की 'डिझाइन-समीक्षा' म्हणजे काय हे समोरच्या टेबलावर कुणालाच माहीत नसतं. तिथे तुला ते समजावून सांगायला तुझे छापून आलेले लेख लागतील. सातआठ चांगले लेख हातात असले की अर्ज आपोआप उभा राहतो. आज तुझ्याकडे तिसरं पान आहे.

परदेशाचा हट्ट नसेल, तर आपल्याकडेही दारं आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला कला-इतिहास आणि सौंदर्यशास्त्र विभाग तुला सगळ्यात जवळचा. तिथे चित्र-शिल्पाचा भर जास्त आहे, पण बघायला आणि लिहायला शिकवतात ते पक्कं, आणि फी बघून बाबा दोनदा विचारतील की एक शून्य राहिलं की काय. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं केंद्र १९६९ पासून आहे. त्याला सीड ही परीक्षा लागते, जानेवारीत होते, फॉर्म आधीच्या पावसाळ्यानंतर निघतात. तिथे समीक्षेची वेगळी पदवी नाही, पण देवनागरी अक्षरावर काम करायचं असेल तर याहून चांगली जागा मला सुचत नाही. तुझ्या-माझ्या कॉम्प्युटरवरचा मंगल हा फॉन्ट करणारे र. कृ. जोशी तिथेच शिकवत. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठात सामाजिक डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. हे काहीच जमणार नसेल, तर मुंबईची ज्ञानप्रवाह ही संस्था कला-इतिहासाचे आणि सौंदर्यशास्त्राचे छोटे अभ्यासक्रम चालवते, नोकरी सांभाळून होण्यासारखे. माझं मत विचारशील तर बडोदा.

मराठीत करता येईल का, असं तू विचारतेस. झालेलं आहे. माधव आचवल हे वास्तुकलेचे प्राध्यापक, तेही बडोद्याचेच, आणि त्यांनी वास्तूवर, अवकाशावर, उजेडावर जे मराठी लिहिलं ते आजही ताजं वाटतं. 'किमया' वाच, आणि वाचताना विशेषणं किती कमी आहेत ते बघ. द. ग. गोडसे नाटकांचं नेपथ्य करायचे आणि शिल्पावर, चित्रावर, वस्त्राच्या पोतावर लिहायचे. हाताने काम करणारा माणूस लिहितो तेव्हा काय होतं, ते त्यांच्या पानापानावर दिसतं. तू त्या जातीची हो, असं मला वाटतं. दुकान सोडून समीक्षक होण्यापेक्षा दुकानातून समीक्षक हो.

आणि तुझ्या जिल्ह्यातच काय कमी पडलंय? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे.मध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची धारणा होती. वस्तू चांगली असूनही ती का नाकारली जाते आणि मग का घेतली जाते, यावर याहून चांगला विषय न्यूयॉर्कला मिळणार नाही. तिथूनच १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला, आणि त्याचं पुढे महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. ते काढणारे शं. वा. किर्लोस्करही चित्रकारच. जुने अंक वाचनालयात मिळतात. जाहिरातींची पानं आधी उघड.

मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. सतारीचा भोपळा कुणी निवडला, केवढा, का, आणि तो मोठा झाला की वाजवणाऱ्याच्या मांडीवर काय होतं, हे कारागिराला विचार. लोट्याचे प्रश्न इथे जसेच्या तसे चालतात. हरिपूरची हळदीची पेवं २००५ च्या पुरात बरीच बुजली. जमिनीखालची ती अरुंद तोंडाची, मोठ्या पोटाची कोठारं कुणी 'डिझाइन' केली त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. बाबांना घेऊन जा. या विषयावर तेच तुझे गाइड होतील, आणि नावं ठेवण्याचा मुद्दाही मिटेल. फोनवरची मराठी अक्षरं घे: शासनाने २००९ मध्ये आदेश काढून मराठी ल आणि श यांचं वळण ठरवून दिलं, तरी रोजच्या वापरात हिंदी वळणाचे किती दिसतात ते तू टाइप लावतानाच मोजू शकतेस.

पण मला तुझ्याकडून सगळ्यात आधी वाचायचाय तो कृष्णेवरचा आयर्विन पूल. पुलावरची पाण्याची पातळी फुटांत मोजतात. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढलं होतं. त्याच वेळी कोयनेचा साठा कळतो टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, आणि विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं त्यात. एका पुरासाठी तीन मापं, आणि सांगलीकर आजी ती तिन्ही पाठ म्हणून दाखवते. पण बेचाळीस फूट म्हणजे माझ्या दाराशी पाणी की नाही, हे त्यातलं एकही माप सांगत नाही. ते गल्लीत कुणीतरी सांगतं, 'अमक्याच्या ओट्याला लागलं की आपण उठायचं.' म्हणजे सरकारी आकडा आणि माणसाचा ओटा यांच्यामधलं भाषांतर लोकांनी स्वतःच करून ठेवलंय. ते भाषांतर फलकावर का नाही? भिंतीवर पुराची रेघ मारलेली असते तिथे फुटाचा आकडा का नसतो? अक्षर केवढं, कुठल्या काठावरून वाचता येतं, रात्री लाइट गेल्यावर काय? फ्लेक्सच्या दुकानातल्या मुलीने हे लिहिलं तर महापालिकेतलं कुणीतरी ते वाचेल, अशी मला आशा आहे. नाही वाचलं तरी लेख तुझ्याजवळ राहतो.

लिहिताना एवढंच बघ की लेखात निदान एक वस्तू इतक्या जवळून दिसावी की वाचणाऱ्याला तिचा वास यावा, निदान एका माणसाशी तू बोललेली असावीस, आणि निदान एक आकडा तू स्वतः तपासलेला असावा. लेख आधी मराठीत पूर्ण कर. इंग्रजी अर्जासाठी तोच लेख इंग्रजीत नव्याने लिही, ओळीला ओळ लावत बसू नकोस, तसं केलेलं लगेच कळतं. दर लेख कुठल्यातरी संपादकाकडे पाठव आणि खोडाखोड करून मागून घे. फुकट संपादक मिळणं कठीण, पण तुझ्या कॉलेजातले एखादे जुने सर किंवा रविवारच्या पुरवणीतला एखादा उपसंपादक मिळतो. मीही आहेच, पण माझी पेन्सिल जरा जाड आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. फ्लेक्सचा लेख छापायला देण्याआधी तुझ्या मालकांना वाचायला दे. ग्राहकांची नावं आणि ओळखू येतील असे फोटो लेखात नकोत, दुकानाचं नावही नको. गुपितं फोडून मिळालेला पहिला लेख तुला पुढच्या दहा दुकानांची दारं बंद करेल, आणि तुझा विषयच मुळी दुकानांच्या आत आहे. मालक नको म्हणाले तर वाद घालू नकोस, तो लेख वर्षभर बाजूला ठेव आणि पुलापासून सुरुवात कर. पावसाळा तोंडावर आलाय. पाणी कमी आहे तोवर घाटावरून खाली उतर, खांबावरचे आकडे जवळून बघून घे, कुठला पुसट झालाय त्याचे फोटो काढ, आणि ते पुन्हा रंगवायचं काम कुणाकडे आहे ते पाटबंधारे खात्यात जाऊन विचारून ये.